काकूंचा डावा हात: स्क्वेअर डान्सच्या नवशिक्या क्लासची एक केस

मागच्या सप्टेंबरमध्ये आमच्या स्क्वेअर डान्सच्या नवशिक्यांच्या क्लासला पहिल्या मंगळवारी १४ जण आले होते, आणि चौथ्या मंगळवारी मोजले तर ९. त्या नऊजणांतल्या एक काकू, माझ्या मैत्रिणीच्या आई, क्लास सुटल्यावर दाराशी कमरेला बांधलेली ओढणी सोडता सोडता मला म्हणाल्या, "अगं, पुढच्या वेळेपासून मी नाही येत हं. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो."

मी त्यांना काहीतरी बोलून गाडीत बसवलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण गळालेल्या पाचजणांपैकी दोघांना मी त्याच आठवड्यात फोन केला होता आणि त्यांनीही इंग्लिशमधून जवळपास हेच सांगितलेलं. अवघड आहे असं कुणी म्हटलं नाही, कंटाळा आला असंही नाही. माझं चुकलं की बाकीचे सात जण थांबतात आणि माझ्याकडे बघतात, एवढंच. मग मला वाटलं ही नुसती काकूंची अडचण नाहीये, आपल्या शिकवण्यातच काहीतरी आहे. पुढच्या आठ आठवड्यांत जे काही कळलं ते इथे सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी थोडं मागचं सांगते. मी सिॲटलच्या पूर्वेला एका उपनगरात राहते, चार वर्षं झाली स्क्वेअर डान्स करतेय आणि दोन वर्षं एंजल आहे. एंजल म्हणजे नवशिक्यांच्या क्लासला येऊन त्यांच्याबरोबर नाचणारे जुने लोक. वॉशिंग्टन राज्याने १९७९ मध्ये स्क्वेअर डान्स हे राज्याचं अधिकृत नृत्य म्हणून जाहीर केलं, पण आजूबाजूच्या मराठी लोकांना विचाराल तर बहुतेकांनी एकदाही पाहिलेला नसतो. काकू-काका सहा महिन्यांसाठी मुलीकडे आलेले. संध्याकाळी घरात बसून बसून काकू कंटाळायच्या म्हणून मी म्हटलं चला माझ्याबरोबर. काकांचा गुडघा दुखतो, ते भिंतीशी खुर्चीवर बसून बघायचे.

नाच असा असतो. चार जोड्या, आठ माणसं, चौकोनाच्या चार बाजूंना आत तोंड करून उभी. पुरुषाच्या उजव्या हाताला त्याची जोडीदारीण. स्टेजवर माइक घेऊन कॉलर उभा असतो, त्याच्याकडे पाठ असलेली जोडी पहिली, मग तिथून उजवीकडे मोजत गेलं की दुसरी, तिसरी, चौथी. पहिली आणि तिसरी म्हणजे हेड्स, दुसरी आणि चौथी म्हणजे साइड्स. आता यात गंमत अशी की पुढे काय करायचं हे नाचणाऱ्याला आधी माहीतच नसतं. कॉलर गाण्याच्या तालावर हुकूम देत जातो आणि आठही जणांनी तो ऐकून लगेच करायचा. गरब्यात किंवा लेझमीत एकदा क्रम बसला की डोकं मोकळं राहतं, इथे तसं नाही, कान सतत उघडे ठेवावे लागतात. ताल साधारण मिनिटाला १२० ते १२८ बीट, म्हणजे एक बीट जेमतेम अर्ध्या सेकंदाचा, आणि चांगला कॉलर आधीची हालचाल संपायच्या दोनेक बीट आधीच पुढचा कॉल देतो, म्हणजे पाय थांबत नाहीत. जुन्याजाणत्याला हे वाहतं पाणी वाटतं आणि नवीन माणसाला पूर.

कॉल सगळे इंग्लिशमध्ये, आणि हे जगभर तसंच आहे. जपानमध्ये, जर्मनीत, स्वीडनमध्ये क्लब आहेत आणि तिथेही कॉल इंग्लिशमध्येच देतात. त्यातले कितीतरी शब्द तर मुळात फ्रेंच, ॲलमॅन्ड, प्रॉमनेड, डोसाडो. म्हणजे अमेरिकन माणसालाही 'ॲलमॅन्ड लेफ्ट' ऐकून काही अर्थबोध होत नाही, त्यालाही तो आवाज म्हणूनच शिकावा लागतो. म्हणून काकूंचं इंग्लिश कच्चं आहे हे कारण मी पहिल्या आठवड्यापासूनच मानायला तयार नव्हते. काकू स्वतः मात्र ठाम होत्या की भाषेमुळेच होतंय, आणि दुर्दैवाने मी वागत होते तीसुद्धा तसं धरूनच.

म्हणजे काय, तर दुसऱ्या आठवड्यात मी पुरुषाच्या जागी उभी राहिले, काकू माझ्या जोडीदार, आणि प्रत्येक कॉल मी त्यांच्या कानात मराठीत सांगत होते. "उजवीकडे, उजवीकडच्या माणसाचा डावा हात धरा, फिरा." हे बोलायलाच तीन बीट जातात. कॉल झाला, मी ऐकला, मराठी केला, त्यांनी ऐकला, आणि मग त्या निघाल्या, तोपर्यंत समोरचा माणूस हात पुढे करून ताटकळलेला. मदत म्हणून मी जे करत होते त्यानेच त्यांना उशीर होत होता. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि मी भाषांतर एकदम बंद केलं. काकूंना ते आधी आवडलं नाही. पण त्यांनी त्यांच्या पद्धतीने शब्द पकडायला सुरुवात केली, ॲलमॅन्डला त्या 'बदाम' म्हणायच्या, आलमंड म्हणून, आणि बदाम म्हटलं की कॉर्नरकडे, म्हणजे जोडीदार नसलेल्या शेजाऱ्याकडे, वळायचं हे एका संध्याकाळीत पक्कं झालं.

पण कॉर्नर कोण, हा मोठा घोळ होता, आणि तो फक्त काकूंचा नव्हता. आमच्या कॉलरनी पहिल्या दिवशी घाईत सांगितलं होतं की कॉर्नर म्हणजे तुमच्या डावीकडचं माणूस. हे पुरुषांच्या जागेवरून बरोबर आहे. बायकांच्या जागेवरून कॉर्नर उजवीकडे असतो, डावीकडे तर स्वतःचाच जोडीदार. त्यामुळे 'ॲलमॅन्ड लेफ्ट' म्हटलं की निम्म्या बायका आपल्याच जोडीदाराकडे वळायच्या आणि तिथेच ट्रॅफिक जाम. आणि ॲलमॅन्ड लेफ्ट हा काही साधासुधा कॉल नाही, जवळजवळ प्रत्येक तुकडा तिथे येऊन मिळतो, कॉर्नरला डाव्या हाताने फिरवून जोडीदाराकडे परत यायचं आणि मग राइट अँड लेफ्ट ग्रँड. तो बिघडला की सगळंच बिघडलं. "तुमच्या शेजारी दोन माणसं आहेत, एक तुमचा जोडीदार, दुसरा तुमचा कॉर्नर" असं सांगितलं असतं तर डावं-उजवं आलंच नसतं. हे वाक्य आम्ही पाचव्या आठवड्यापासून वापरायला लागलो आणि तो घोळ तिथेच संपला.

आता काकूंची खरी केस. कॉर्नरचा घोळ झाला नाही तरीही त्या राइट अँड लेफ्ट ग्रँडमध्ये अडकायच्या. तो कॉल असा, आठही जण रिंगणात, पुरुष घड्याळाच्या उलटे आणि बायका घड्याळाच्या दिशेने, समोर येईल त्याला हात देत पुढे सरकायचं, जोडीदाराला उजवा, पुढच्याला डावा, मग उजवा, मग डावा, आणि मग पलीकडच्या बाजूला पुन्हा आपला जोडीदार भेटतो. एका हाताला साधारण दोन बीट. काकू पहिला हात झकास द्यायच्या, दुसऱ्याला अडखळायच्या, तिसरा पुन्हा छान, चौथ्याला पुन्हा अडखळणं, आणि कधीकधी दुसऱ्या हातालाच उजवा पुढे करून उलट्या फिरायच्या. सगळे एंजल म्हणाले की त्यांना डावं-उजवं कळत नाही. एकाने तर प्रेमाने त्यांच्या डाव्या मनगटाला हिरवी रिबन बांधली. काही फरक नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्या रिबनीचं वाईटच वाटलं, शिक्षिका म्हणून रिटायर झालेली बाई आहे ती.

चौथ्या मंगळवारी, म्हणजे त्यांनी "मी नाही येत" म्हटलं त्याच दिवशी, मी मैत्रिणीला दाखवायला म्हणून मोबाइलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला होता. रात्री तो बघताना मी चार वेळा मागे घेतला. काकूंचा डावा हात वेळेवर उठतो. बरोबर बीटवर, बरोबर माणसाकडे. कोपरापर्यंत वर येतो आणि मग मागे जातो, आणि उजवा हात पुढे येतो. म्हणजे बाईंना सगळं कळत होतं. हात बरोबर निघत होता आणि वाटेत कुठेतरी त्यालाच आवरलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला गेले आणि व्हिडिओ दाखवला. त्यांनी बघितला, मोबाइल खाली ठेवला आणि जरा वेळाने म्हणाल्या, "डावा हात कसा द्यायचा गं परक्या माणसाला?" मग सांगितलं, लहानपणी आजीच्या हातात वाटी जरी डाव्या हाताने दिली तरी ती घ्यायची नाही, परत पाठवायची, उजव्या हाताने दे म्हणायची. दक्षिणा, हळदीकुंकू, प्रसाद, दुकानदाराला पैसे, सगळं उजव्यानेच. त्यांनी स्वतःही शाळेत मुलांना हेच शिकवलं. पासष्ट वर्षांची सवय आहे, ती अर्ध्या सेकंदात कशी बाजूला ठेवणार? मला त्या क्षणी फार लाज वाटली की हे माझ्या डोक्यात का आलं नाही, मीही त्याच घरांतून आलेय. अमेरिकन एंजलना हे कळायचा प्रश्नच नव्हता, पण मला कळायला हवं होतं.

मग मी विचारलं, "काकू, फुगडीत डावा हात देत होता ना?" फुगडीला हातांची फुली करून धरतो आपण, उजव्यात उजवा आणि डाव्यात डावा. काकू मंगळागौरीत वाढलेल्या, फुगडी, झिम्मा, पिंगा सगळं केलेलं. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अगं हो की. पण तिथे आपण हात देत नाही, धरतो." हा फरक त्यांनीच काढला आणि माझ्या मते या सगळ्या केसची किल्ली तीच आहे. देणं वेगळं, धरणं वेगळं. ॲलमॅन्ड लेफ्टमध्ये तर खरोखरच तळहात द्यायचा नसतो, एकमेकांच्या कोपराच्या खाली हलकेच हाताला धरायचं असतं, फक्त आम्ही तिघी-चौघी एंजल आळसाने नुसती बोटं पुढे करत होतो आणि त्यांना ते हस्तांदोलनासारखं दिसत होतं.

त्याच दुपारी त्यांच्याकडे जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या गोल मांडल्या, आणि खुर्च्यांच्या मधून नागमोडी जात पाठीला एकदा उजवा, एकदा डावा हात लावायचा, काका सोफ्यावर बसून टाळी देणार. खुर्चीला काही डाव्या हाताचं वाटत नाही. पाचसहा फेऱ्यांत काकूंचा डावा हात मोकळा झाला. मग एका खुर्चीच्या जागी मी, दुसरीच्या जागी मैत्रीण, मग जावई. जावयाला डावा हात देताना त्या एकदा थबकल्या आणि मग स्वतःच "धरायचा, धरायचा" असं पुटपुटत पुढे गेल्या.

हे झालं काकूंचं. पण मला क्लासचं काहीतरी करायचं होतं, म्हणून पाचव्या मंगळवारच्या आधी मी कॉलरना फोन करून हा सगळा प्रकार सांगितला. सत्तरीचे आहेत ते, किती वर्षं कॉल करताहेत, मला वाटलं दुखावतील. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की व्हिडिओ पाठव. त्यानंतर क्लासच्या आधी अर्धा तास आम्ही सगळे एंजल हॉलच्या किचनमध्ये कॉफी घेत बसलो आणि तिथे थोडी वादावादीही झाली. एक जुने गृहस्थ म्हणाले, आम्ही असंच शिकलो, ओरडा खात शिकलो, काय बिघडलं? त्यांना कॉलरनीच उत्तर दिलं, की तुझ्या बॅचला जे सोडून गेले ते आज इथे नाहीत म्हणून तुला दिसत नाहीत.

ठरलं ते असं. एक म्हणजे बोलायचं फक्त कॉलरनी. नाच चालू असताना एंजलनी तोंड उघडायचं नाही, कारण नवीन माणूस चुकायला लागला की तीन बाजूंनी तीन माणसं "लेफ्ट, लेफ्ट, अदर लेफ्ट" करतात आणि त्यात पुढचा कॉल बुडतो. खांद्याला धरून ढकलायचं नाही, ओढायचं नाही. करायचं एकच, आपण स्वतः योग्य वेळी योग्य जागी असायचं, हात योग्य उंचीवर पुढे ठेवायचा, आणि येणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. डोळ्यांत बघितलं की माणूस बरोबर तुमच्याकडे येतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की शिकवण्याच्या सगळ्या युक्त्यांमध्ये मी हीच पहिली ठेवेन.

दुसरं, चौकोन मोडला तर घरी जायचं. घर म्हणजे आपली सुरुवातीची जागा. हा नियम आधीही सांगितला होता, पण जीव ओतून सांगितला नव्हता. पाचव्या आठवड्यात कॉलरनी मुद्दाम एक असा तुकडा कॉल केला की जुन्यांचाही चौकोन मोडला, सगळे हसत आपापल्या घरी परतले आणि पुढचा कॉल तिथूनच सुरू झाला. म्हणजे मोडणं आणि परत जुळणं याचीच प्रॅक्टिस. मला वाटतं हे पहिल्याच दिवशी, पहिल्या पंधरा मिनिटांत करायला हवं होतं. कारण या नाचात चूक होणारच, आठ माणसांची बेरीज आहे ती, आणि चुकल्यावर कुठे जायचं हे माहीत असलेला माणूस घाबरत नाही.

तिसरं संगीताचं. आधीचे चार आठवडे निम्मा वेळ नुसतं चालत चालत समजावणं व्हायचं, गाणं शेवटी. आता हॉलमध्ये शिरल्या शिरल्या गाणं चालू, सगळ्यांचं एकच मोठं रिंगण, सर्कल लेफ्ट, सर्कल राइट, आत या, मागे जा, डोसाडो, प्रॉमनेड. चौकोन नाही, नंबर नाही, कुणाची जागा चुकायची सोयच नाही. त्यात पाय तालाला लागले की मग चौकोन. हे काही आमचं संशोधन नाही. कोलोरॅडो स्प्रिंग्जला शायेन माउंटन स्कूल नावाच्या शाळेचे प्रमुख होते लॉइड शॉ, 'पॅपी' म्हणायचे त्यांना, त्यांनी १९३० च्या दशकात शाळेतल्या मुलांना हे जुने नाच शिकवले, त्यांना घेऊन देशभर कार्यक्रम केले आणि नंतर उन्हाळ्यात शिक्षकांचे वर्ग घेतले, त्यातून हा नाच पुन्हा पसरला. पुढे कॉलची संख्या वाढत गेली, १९७४ मध्ये कॉलर लोकांची 'कॉलरलॅब' ही संस्था निघाली आणि कुठल्या पातळीला कुठले कॉल हे ठरलं. मेनस्ट्रीम नावाच्या पातळीला सत्तरच्या आसपास कॉल आहेत, आणि सगळे शिकायचे तर आठवड्याला एक क्लास धरून सहजी सातआठ महिने जातात. आता 'सोशल स्क्वेअर डान्स' म्हणून पन्नासेक कॉलचा छोटा अभ्यासक्रम आहे, आमचा क्लास त्याचाच होता, १२ आठवड्यांचा. पन्नास जरी असले तरी आमच्याकडे आठवड्याला पाचसहा नवे कॉल शिकवत होते आणि जुन्यांची उजळणी होत नव्हती. आम्ही ते आठवड्याला तीनचारवर आणले. अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही, दहाएक कॉल राहिले. कॉलरना त्याचं वाईट वाटलं, मला अजिबात नाही.

स्विंगचं थोडं सांगायला हवं कारण तिथे काकूंनी उलट आम्हाला शिकवलं. जोडीने जागेवर गरगर फिरणं म्हणजे स्विंग. नवीन लोक एकतर लाकडासारखे ताठ उभे राहतात नाहीतर समोरच्याच्या गळ्यात भार टाकतात. दोघांनी थोडा थोडा भार मागे दिला की मग फिरणं हलकं होतं, फुगडीत असतो तसाच तोल, फक्त फुगडीइतकं मागे झुकायचं नाही. काकूंनी सातव्या आठवड्यात एका उंच तरुण मुलाला, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, बाजूला घेऊन फुगडी घालायला लावली. शब्द एक नाही. हातांची फुली, पायाच्या बोटांना बोटं, आणि "हं, मागे". तो दोन गिरक्यांत समजला. त्याचा स्विंग आज आमच्या क्लबमध्ये सगळ्यांत छान आहे. काकूंचे बूट मात्र अडचण होती, रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज लाकडी जमिनीला चिकटतात आणि वळताना गुडघा पिळतो, मग मैत्रिणीने त्यांना गुळगुळीत चामडी तळव्याचे साधे बूट आणून दिले. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, पन्नाशीपुढच्या माणसांना तर नक्कीच.

सगळं सुधारलं असं मात्र नाही. उरलेल्या नऊजणांतले दोन नंतरही गेले, एक नोकरीच्या वेळेमुळे आणि एक बाई काही न सांगता. त्यांना मी दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. आधी गेलेल्या पाचजणांना आम्ही परत बोलावलं, एकजण आला. आणि बोलायचं नाही हा नियम पाळणं एंजलना फार जड गेलं, मला धरून. चुकणारा माणूस समोर दिसत असताना गप्प राहणं म्हणजे परीक्षाच.

डिसेंबरच्या शेवटच्या क्लासला कॉलरनी सिंगिंग कॉल घेतला. यात गाणं आणि कॉल एकत्र गायचे असतात, ६४ बीटचे सात भाग, जेमतेम साडेतीन मिनिटं. त्यातल्या चार भागांत दर वेळी जोडीदार बदलतो, कॉर्नर येऊन जोडीदार होतो आणि चौथ्या बदलाला आपलं माणूस परत मिळतं. काकू इंजिनिअरिंगच्या मुलाबरोबर दुसऱ्या जोडीत होत्या, मी तिसरीत, पुरुषाच्या जागी. पहिले तीन भाग मस्त गेले. चौथा भाग म्हणजे मधला ब्रेक, ॲलमॅन्ड लेफ्ट, राइट अँड लेफ्ट ग्रँड, काकू समोरून आल्या, माझा डावा आणि त्यांचा डावा, मनगटावरच्या बांगड्या वाजल्या आणि त्या पुढे गेल्या, मागे वळून बघितलंसुद्धा नाही. पाचव्या भागात मात्र चूक झाली आणि ती माझी होती. मी एका जागेने पुढे जाऊन थांबले, माझ्यामुळे दोघंजण अडले, चौकोन मोडला. मान वर करून बघते तर काकू आधीच घरी पोचलेल्या, आपल्या नव्या जोडीदाराशेजारी, आणि माझ्या रिकाम्या जागेकडे डाव्या हाताने खूण करत होत्या, ये, ये. तोंडातून मात्र एक शब्द काढला नाही.